वेल्डरच्या कॉलरवरचा कागद

श्रोतेहो, हळदीचा डाग पडलेले धोतर साबणाने धुवायला घेतले की तो डाग लालभडक होतो, हे आपण सर्वांनी घरी पाहिलेले आहे. साबणातला क्षार डोळ्यांना दिसत नाही, हळद तो दाखवते. हवेतले धातू रंगाने दाखवणाऱ्या ज्या कागदी संवेदकांविषयी मी आज बोलणार आहे त्यांचे निम्मे तत्त्व या डागात आहे, आणि उरलेले निम्मे समईच्या वातीत, जी कोणत्याही पंपाशिवाय तेल वर ओढून घेते.

कागदाने हवा तपासणे तसे जुनेच. ओझोनला नाव देणारे बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी एकोणिसाव्या शतकातच स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेल्या पट्ट्या हवेत टांगून त्यांच्या निळेपणावरून ओझोनचा अंदाज घेतला होता. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदाच्या आतच द्रव अडवणाऱ्या भिंती उभ्या करून एका थेंबाच्या अनेक वाटा केल्या. पुढे या भिंती मेणाच्या झाल्या: मेणाची आकृती छापायची, कागद तापवायचा, की मेण त्याच्या जाडीत उतरते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील चार्ल्स हेन्री आणि जॉन व्होल्केन्स यांच्या गटांनी हेच तंत्र हवेतील कणांमधल्या धातूंकडे वळवले.

धातूंकडेच का? पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा कणांचे वजन सांगतो, ते कण कशाचे आहेत हे सांगत नाही. रस्त्यावरची माती आणि स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर तराजूत सारखेच भरतील, पण त्या धुरात निकेल आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे घातक षट्संयुजी रूप, असते, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. वेल्डरच्या कॉलरला छोटा गाळणकागद अडकवायचा आणि कमरेच्या पंपाने मिनिटाला दोन लिटर हवा त्यातून ओढायची. आठ तासांच्या पाळीत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा गाळली जाते. निकेलसाठी ती धूळ आम्लात विरघळवतात. क्रोमियमच्या बाबतीत मात्र आम्लाने हेक्साव्हॅलंट रूप त्रिसंयुजी होऊन जाण्याची भीती असते, म्हणून ते अल्कधर्मी द्रावणात काढून घेतात. मग थेंब कागदाच्या मधोमध टाकला की तो वाटांनी पसरतो: डायमिथाइलग्लायऑक्झिम हे रसायन लावलेल्या टोकाला निकेल गुलाबी-लाल उमटते, तर डायफेनिलकार्बाझाइडच्या टोकाला, तिथे आम्लता हवी, क्रोमियम जांभळे.

अमेरिकेत कामाच्या जागी हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेवर वरच्या हिशेबाने गाळणकागदावर ४.८ मायक्रोग्रॅम साठेल आणि इतके क्रोमियम कागद दाखवू शकतो. आपल्याकडे मोकळ्या हवेतील निकेलची वार्षिक मर्यादा घनमीटरला २० नॅनोग्रॅम आहे. त्याच पंपाने आठ तासांत जेमतेम १९ नॅनोग्रॅम जमतील आणि कागद कोराच राहील. म्हणून चौकाचौकात या पट्ट्या लावून शहराची हवा मोजावी, या मागणीला माझा विरोध आहे. कोऱ्या कागदाला लोक शुद्ध हवेचा दाखला समजतील. या कागदाची जागा भोसरी, अंबड, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींमधल्या लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये आहे, जिथे धूर दाट आहे आणि महागडी प्रयोगशाळा परवडणारी नाही.

अडचणी आहेतच, आणि त्या झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. वेल्डिंगच्या धुरात लोह भरपूर असते आणि ते निकेलच्या रंगात ढवळाढवळ करते, म्हणून आधी फ्लोराइडने त्याला बांधून ठेवावे लागते. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि थेंबाची चाल बदलते. मोबाइलने फोटो काढून रंगाची गडदता मोजायची म्हटली, तर ट्यूबलाइटखाली एक उत्तर येते आणि दारातल्या उन्हात दुसरे. त्यामुळे मला वैयक्तिकरीत्या २०१३ च्या सुमारास हेन्री आणि व्होल्केन्स यांच्याच गटांनी मांडलेली दुसरी रीत अधिक भावते. तीत अभिक्रियाकारक, म्हणजे धातूशी मिळून रंग देणारे रसायन, संपूर्ण वाटेवर पसरलेला असतो. धातू जितका जास्त, तितका रंगाचा पट्टा लांब जातो. मग कॅमेरा लागत नाही. शेडमधल्याच स्टीलच्या पट्टीने वेल्डर स्वतः तो मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहू शकतो.