मॅग्रितचा पत्रव्यवहार

चित्रकाराची पत्रे आपण बहुधा चरित्राचे साधन म्हणून वाचतो. त्यांत पैशांची ओढाताण, आजारपण, घरातील कलह शोधतो. बेल्जियमचा अतिवास्तववादी चित्रकार रने मॅग्रित (1898–1967) याच्या पत्रांकडे या अपेक्षेने गेलेल्या वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याच्या आणि त्याच्या मित्रमंडळींच्या बाबतीत पत्र हा चित्र घडण्याचाच एक टप्पा होता, असे माझे मत आहे.

टपालाशी या मंडळींचे नाते जुनेच. 1924-25 मध्ये ब्रुसेल्समधील पॉल नूजे, कामिय गोएमान्स आणि मार्सेल लकोंत यांनी ‘पत्रव्यवहार’ याच अर्थाच्या फ्रेंच नावाने रंगीत कागदांवर पत्रके काढली, आणि ती निवडक साहित्यिकांना टपालाने पाठवली. नूजे व्यवसायाने जीवरसायनशास्त्रज्ञ होता. त्याचे थंड, मोजके गद्य वाचले की याचे नवल वाटत नाही.

1927 मध्ये मॅग्रित पॅरिसजवळ राहायला गेला आणि मित्र ब्रुसेल्सला राहिले. या अंतरामुळेच समोरासमोर विरून गेले असते ते बोलणे कागदावर उतरले. त्याच नोव्हेंबरात त्याने नूजेला कळवले की, एखादी वस्तू हळूहळू दुसरीच वस्तू होत जाऊ शकते, आकाशातून मधूनच लाकूड दिसू लागावे तशी, ही नवी शक्यता आपल्याला सापडली आहे. ‘शोध’ या चित्रातील स्त्रीच्या कातडीवर लाकडाचे रेषे उमटलेले आहेत, ते याच विचारातून.

1958 मधील एका पत्रात तर चित्राची सारी खटपटच नोंदली आहे. पाण्याचा पेला असा कसा काढावा की पाहणारा उदासीन राहणार नाही, हा प्रश्न घेऊन तो पेल्यावर रेघ ओढत राहिला. शंभर-दीडशे रेखाटनांनंतर ती रेघ पसरत जाऊन तिची छत्री झाली. पाणी धरणारी आणि पाणी झटकणारी वस्तू एकत्र आली, तेव्हा हे विरोधांच्या मेळाचा विचार करणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला रुचले असते असे वाटून त्याने चित्राला ‘हेगेलची सुट्टी’ हे नाव दिले. एरवी नावे पुष्कळदा मित्रच सुचवत. नूजे आणि लुई स्क्यूतनेर यांचा त्यात मोठा वाटा होता.

न्यूयॉर्कमधील वकील हॅरी तोर्चिनर याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात मागणी आणि कल्पना यांचा व्यवहार दिसतो. तोर्चिनरला आपल्या कचेरीतील एका खिडकीपुढे लावायला चित्र हवे होते. सूचना, रेखाटने, पसंती असे होत होत 1959 मध्ये समुद्रावर अधांतरी खडक आणि त्यावर किल्ला असे ‘पिरनीजचा किल्ला’ हे चित्र तयार झाले. एका वकिलाच्या अडचणीतून इतके निरालंब चित्र निघावे, याची मला गंमत वाटते.

मे 1966 मध्ये मॅग्रितने फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांना लिहिलेले पत्र मात्र वेगळ्या जातीचे आहे. फूको यांचा ‘शब्द आणि वस्तू’ हा ग्रंथ वाचून त्याने ‘सादृश्य’ आणि ‘साम्य’ यांत भेद केला: वाटाण्याच्या दाण्यांत परस्पर साम्य असते, रंगाचे, आकाराचे, चवीचेही; सादृश्य ही गोष्ट फक्त विचाराची. सोबत त्याने, पाइप काढून खाली ‘हा पाइप नव्हे’ असे लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध चित्राची प्रत पाठवली आणि मागे लिहिले की, नाव चित्राला विरोध करत नाही, ते वेगळ्या प्रकारे प्रतिपादन करते. जूनमध्ये त्याने आणखी एक पत्र पाठवले. फूको यांचा या चित्रावरील निबंध 1968 मध्ये आला, तेव्हा मॅग्रित हयात नव्हता. 1973 मध्ये तो पुस्तकरूपाने छापताना फूको यांनी शेवटी ही दोन्ही पत्रे जोडली.