सात माशांचा वाटा

(काळा पडदा. ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज. मग पडदाभर एक गोल पान, त्यावर पेन्सिलीच्या पुसट खुणा.)

एक मासा काढणं सोपं. गोलाच्या मधोमध ठेवायचा, झालं. दोन असले तर समोरासमोर. तीन, चार, पाच निभावून जातात. सहा तर आपोआप बसतात. अडतं ते सातव्याला. सात मासे एका गोलात घ्यायचे, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, आणि बघणाऱ्याला न मोजता कळलं पाहिजे की ही सत्ती आहे. कारण हे खेळायचं पान आहे, गंजिफा नावाच्या जुन्या गोल पत्त्यांतलं. डाव रंगात आला की मासे मोजत कोण बसतं?

(हात. नखांत पिवळा रंग.)

या हातांचं नाव आम्ही सांगणार नाही, ताई म्हणू. विचारलं, तर म्हणाल्या, “नाव कशाक? काम दाखवा.” म्हणून काम दाखवतोय.

(मोती तलाव, सकाळ. पाण्यात राजवाड्याची सावली. मग चितारआळी.)

सावंतवाडी. गोव्याकडे निघालेल्या गाड्या इथे अर्धा तास थांबतात आणि चितारआळीतून एखादी पिशवी घेऊन पुढे जातात. पिशवीत असतो लाकडाचा केळ्यांचा घड, लाकडाचा फणस, लाकडाचं सीताफळ. शिवाय भातुकली, बैलगाड्या, पाट, देव्हारे. आणि वरच्या फळीवर ठकी, हात अंगाला चिकटवून उभी असलेली ती लाकडी बाहुली. पूर्वी खेळण्यांना पांगारा वापरत. हलकं लाकूड, हत्याराला मऊ. आता मिळेल ते.

कातारी लाकूड कातून देतो. कातलेलं फळ पांढरंफटक असतं, फळ कसलं, नुसता आकार. त्याचा आंबा होतो तो इथे, या ओसरीवर. आधी सगळीकडे पिवळा. मग देठाकडून उतरत येणारी लाली, ती मात्र ब्रशनं नाही, बोटाला गुंडाळलेल्या फडक्यानं. लाली कुठे संपते ते दिसलं, तर आंबा फसला.

(आंब्यांची रांग. कॅमेरा हळूहळू सरकतो. रांग संपत नाही.)

22 वर्षं ताईंनी हेच केलं. “माका आंबो झोपेत पण दिसता,” असं त्या हसत सांगतात. आम्हीही हसलो. नंतर चित्रण पुन्हा पाहताना हसू आलं नाही.

कारागिराच्या बाबतीत कंटाळा हा शब्द कुणी काढत नाही. वारसा म्हणतात, साधना म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. पण रोज तोच आंबा रंगवणाऱ्या माणसाला कंटाळा येतो, आणि तो हातात उतरतो. ताई सांगतात, एक वेळ अशी आली की लाली कुठे संपते ते दिसायला लागलं. गिऱ्हाइकाला नव्हे, त्यांना.

प्लॅस्टिकची फळं आली, स्प्रे आला, दर पडले, हेही खरं. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि आमच्याकडे त्याची दृश्यंही नाहीत.

(राजवाड्याचं दार. दरबार हॉल. जमिनीवर बसून रंगवणारे कारागीर, पाठमोरे.)

एका गणपतीत मुंबईचे पाहुणे आले. त्यांना राजवाडा बघायचा होता. ताईंच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं, पण लग्न होऊन आल्यापासून त्या आत गेल्या नव्हत्या. पाहुण्यांनी सिंहासनासमोर फोटो काढले. ताई मात्र दरबार हॉलच्या कडेला, रंगवत बसलेल्या माणसांपाशी थांबल्या.

(गंजिफांचा संच. एकेक पान उलटतं.)

गंजिफा. फारसीत गंज म्हणजे खजिना. 1527 साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्या, तशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या संचात 8 रंग, 96 पानं. आपल्याकडे खेळात देव आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असे दहा अवतार म्हणजे दहा रंग. प्रत्येक रंगात 12 पानं, एकूण 120. राजा म्हणजे खुद्द अवतार, त्याच्या खाली प्रधान, मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. त्यातही गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी जोरात असते आणि निम्म्यांत एक्का. सगळं लक्षात ठेवून खेळायचं. दशावतारी नाटकं बघत रात्री जागवणाऱ्या मुलखाला दहा अवतार पाठ असणं कठीण नव्हतं. पत्ते धरणं तेवढं कठीण, कारण पानं गोल. पंखा करायला गेलं की निसटतात.

मग छापील 52 पत्ते आले, स्वस्त आणि चौकोनी. गंजिफा मागे पडल्या. सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हे काम पुन्हा उभं केलं. सत्त्वशीलादेवी स्वतः चितारी कारागिराकडून शिकल्या, रंगवू लागल्या, आणि कारागीर राजवाड्यात बसू लागले. ताई थांबल्या, त्या याच बैठकीपाशी, आणि मग हे काम शिकल्या.

(तव्यावर चिंचोके. तडतड.)

आता हे बघा.

चिंचोके भाजायचे. करपू द्यायचे नाहीत. टरफल हातानं सुटलं पाहिजे. मग भिजत घालायचे, वाटायचे, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पेजेसारखं दाट झालं की खळ तयार. तिचा वास ओळखीचा आहे. ज्यांनी लहानपणी चिंचोके भाजून खाल्लेत, त्यांना तो पडद्याबाहेरही येईल.

(सुती कापडाचा तुकडा. खळ. वर दुसरा तुकडा. तळहात फिरतो.)

जुन्या पद्धतीत कापडाचे थर एकमेकांवर याच खळीनं चिकटवत. आज विक्रीच्या संचाला बहुतेक पुठ्ठाच असतो, आणि त्याला आमची हरकत नाही. पण ताईंनी शिकताना कापडच घेतलं. तळहातानं दाबत हवेचा बुडबुडा कडेला ढकलत न्यायचा. मग सावलीत वाळवायचं. उन्हात घाई केली की पान वाकतं, आणि वाकलेलं पान गिऱ्हाईक नाकारतं, हातही नाकारतो.

(घोटणं. दगडाचा घसघस आवाज. निवेदन थांबतं. सहा सेकंद.)

वाळलं की खडूची पूड खळीत कालवून पांढरा हात द्यायचा. मग घोटायचं. गुळगुळीत दगड पानावर गोलगोल फिरवत राहायचं, बोट निसटेल इतकी तकाकी येईपर्यंत. हे काम व्हिडिओत दिसतं त्याच्या कितीतरी पट चालतं. आमचा छायाचित्रकार मधे चहा घेऊन आला, तेव्हा तेच पान चालू होतं.

(कडेची रेघ. ब्रश हलत नाही. पान फिरतंय.)

इथे जरा डोळे मोठे करून बघा. कडेच्या गोल रेघा काढताना ताईंचा ब्रश जागचा हलत नाही. डाव्या हाताची बोटं पान फिरवतात. 22 वर्षं त्यांनी आंबा असाच फिरवला होता. शिकवणाऱ्यानं विचारलं म्हणे, आधी कुठे शिकलात? ताई म्हणाल्या, आंब्यावर.

पाठीला लाल लाख चढते. ते काम एक वयस्क कारागीर करतात, आम्ही गेलो त्या आठवड्यात ते आजारी होते.

(पलंगाखालून ओढलेली पेटी. आत गोल कोस्टर, त्यांवर देव.)

आता ही पेटी. ताईंनी शिकल्यावर पहिल्यांदा केलं ते हे. खेळायला संच कोण घेणार, म्हणून चहाच्या कपाखाली ठेवायची गोल चकती, तिच्यावर दहा अवतारांचे दहा राजे. मेहनत बघा. नरसिंहाच्या आयाळीतला केसन्‌केस वेगळा आहे. पुण्याच्या एका दुकानदारीणबाईंनी हातात घेतलं, वाखाणलं आणि परत ठेवलं. “काकी, देवावर चहाचा कप कसा ठेवू?”

बरोबरच होतं त्यांचं. पेटी पलंगाखाली गेली. पाच महिने तिथेच होती.

(जमिनीवर मांडलेला पूर्ण संच. वरून.)

मग एका दुपारी ताईंनी संच असा जमिनीवर मांडला आणि देव बाजूला काढायला घेतले. दहा राजे, दहा प्रधान. वीस पानं उचलली. उरली 100. त्यांत एकही देव नव्हता. नुसते मासे, कासवं, परशू. संच बघायला येणारा प्रत्येकजण राजा आणि प्रधान बघून जातो. या शंभरांकडे कुणी बघत नाही, आणि रंगवणाऱ्याचा बराचसा वेळ यांच्यातच जातो.

कपाखाली ठेवायला एक मासा चालतो. दोनही चालतात. सात ठेवायचे म्हटलं, की आपण सुरुवातीला होतो तिथे येतो.

(मासळीबाजार. गलका. बर्फावर पाणी. निवेदन उशिरा सुरू.)

बुधवार. उद्या गुरुवार, म्हणून आज गर्दी. ही मावशी बांगड्यांचा वाटा लावतेय. तिचे हात बघा. शेपट्या एकमेकींवर, तोंडं बाहेर, पंख्यासारखं. एकावर दुसरा थोडासा चढलेला. असा वाटा लावला की सात बांगडे नऊ वाटतात, आणि मावशीला तेच हवंय. ताई अशा वाट्यासमोर वर्षानुवर्षं उभ्या राहिल्यात, भाव करत. त्या दिवशी भाव करायच्या विसरल्या. मावशीनंच हटकलं, “गो, घेतंस काय बघतंस?”

(ओसरी. पान. पेन्सिल.)

मावशीला सातांचे नऊ दाखवायचे होते. ताईंना सातांचे सातच. म्हणून त्यांनी शेपट्या एकमेकींवर जाऊ दिल्या, अंगंही थोडी चढू दिली, पण तोंडं मोकळी ठेवली. मोजायचा तो मासा नव्हे, डोळा. सात डोळे कडेला गोल. लांबूनही कळतं, सत्ती आहे.

आणि एकदा वाटा आला म्हटल्यावर मासाही बदलला. आधीचा मासा म्हणजे नुसता मासा होता, चित्रातला. आता त्याच्या पाठीवर बांगड्याच्या निळ्या-काळ्या लाटा आल्या, पोट चांदीचं झालं. एक्क्याला सरंगा बसला. गोलात बसायला सरंग्याइतका समजूतदार मासा नाही.

एका जुन्या जाणकारांना हे रुचलेलं नाही. मत्स्यावतार म्हणजे बांगडा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत, पण म्हणणं खोटं नाही, म्हणून नोंदवतोय. आम्ही बांगड्याच्या बाजूचे.

(वायंगणीचा किनारा, पहाट. वाळूत कासवाची पिल्लं. संगीत नाही.)

वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी. इथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला ताई गेल्या, कूर्माच्या पानांसाठी. कासव म्हणून त्या तोवर विहिरीतलंच काढत होत्या.

(कूर्माची दश्शी. दहा पिल्लं, सगळी मधून कडेकडे.)

हे पान सांगायची गरज नाही.

परशूच्या जागी कोयता घेणार का, असं आम्ही विचारलं. “तां नको,” एवढंच उत्तर आलं, आणि आम्ही विषय सोडला.

(पोस्टाची खोकी. फोनवर बोलणारी मुलगी. घाईची दृश्यं.)

आंब्यांचं काम आता निम्म्यावर आलंय, हाताखाली दोन मुली होत्या त्यातली एक नोकरीला मुंबईला गेली, सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालंय पण त्यात बांगडा बसतो का हे विचारायला ताई अजून गेलेल्या नाहीत, आणि सात माशांचं पान कुणीतरी यंत्रावर छापून ऑनलाइन विकायला काढलंय, निम्म्या किमतीत.

(संध्याकाळ. ओसरी. पाऊस. देवापुढे दिवा लागतो.)

जुने खेळणारे सांगत, दिवसा डाव मांडला तर उतारी, म्हणजे डावाची सुरुवात, रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. ताईंच्या पाटावर सध्या दोघांचीही पानं कोरी आहेत. रामाचे बाण सरळ, आणि पान गोल. ते अजून सुटलेलं नाही.

(सत्तीचं पान. सहा मासे पूर्ण. सातव्याला डोळा नाही. ब्रश उचलला जातो.)

आम्ही म्हटलं, तेवढा एक डोळा राहिलाय, तो घ्या, म्हणजे शेवटचं दृश्य मिळेल. ताईंनी ब्रश धुतला, पान उचलून फळीवर ठेवलं.

“डोळो रातचो घालूक नको. सकाळी येवा.”

(पाऊस. फळीवर पान. सहा डोळे. पडदा काळा.)