शेकोटी कुठे पेटवली, ते बघा

(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : बर्फावर उकिडवा बसलेला माणूस. चौकटीत फक्त हात.]

आधी चार जाड फांद्या बर्फावर आडव्या टाकायच्या. हा झाला पाया. थेट बर्फावर जाळ केला, तर खालचा बर्फ वितळतो आणि त्याच पाण्यात जाळ विझतो. मग बर्चच्या सालीची एक पट्टी. बर्च म्हणजे हिमालयातल्या भूर्जाच्या कुळातलं झाड. सालीत तेलकट अंश असतो, म्हणून ती कागदापेक्षा लवकर पेट घेते. त्यावर वाळकं गवत, मग अगदी बारीक काटक्या, एकेक करून. ज्वाळा तग धरतेय असं दिसलं की बोटाएवढ्या जाडीची काटकी, आणि मग मनगटाएवढं लाकूड. घाई केली तर जाळ गुदमरतो. उशीर केला तर हात गारठतात.

अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या ‘टु बिल्ड अ फायर’ (‘जाळ पेटवायचा तर’) या कथेतला माणूस हे सगळं करतो, याच क्रमानं, न चुकता. तरीही तो मरतो. या कथेवर वर्गात बहुतेक एकच वाक्य सांगितलं जातं : निसर्गापुढे माणसाचा अहंकार टिकत नाही. ते वाक्य क्षणभर बाजूला ठेवू आणि त्याच्या हातांकडे बघू.

[दृश्य : चिलकूट खिंडीची जुनी छायाचित्रं. पांढऱ्या उतारावर माणसांची काळी रांग.]

ही रांग क्लोंडाइकची, म्हणजे सोन्यामागे धावलेल्या माणसांची. कॅनडातल्या युकॉन प्रदेशात, डॉसनजवळच्या एका ओढ्यात ऑगस्ट 1896 मध्ये सोनं सापडलं. बातमी सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला पोचायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. मग सुमारे लाखभर माणसं घराबाहेर पडली. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. प्रत्येकामागे जवळजवळ टनभर ओझं. ते पाठीवरून थोडं थोडं वर न्यायचं, ठेवायचं, परत खाली यायचं. चित्रात एका रेषेत चढणारा माणूस ही चढण पहिल्यांदाच चढतोय असं समजू नका. त्याच्या किती खेपा झाल्या असतील, ते फोटोत दिसत नाही.

या गर्दीत 21 वर्षांचा जॅक लंडन होता. जुलै 1897 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. हिवाळा त्यानं हेंडरसन क्रीकच्या (क्रीक म्हणजे ओढा) आसपास काढला. सोनं जवळपास नाहीच मिळालं. स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, आणि 1898 मध्ये होडीनं युकॉन नदी उतरून तो परतला. कथेतला माणूस ज्या तळाकडे चाललाय, तो तळ याच हेंडरसन क्रीकच्या डाव्या फाट्यावर आहे. लेखकाच्या पायाखालची जमीन होती ती.

[दृश्य : गोठलेली नदी. वरून बर्फ. क्षितिज दिसत नाही.]

कथा सुरू होते. सकाळचे 9. आभाळ निरभ्र, पण सूर्य नाही. भर दुपारीसुद्धा माणसाची सावली पडणार नाही. नदीचं पात्र मैलभर रुंद, वर तीन फूट बर्फाचा थर, आणि त्यावर तेवढाच भुसभुशीत बर्फ. या भागात त्याचा हा पहिलाच हिवाळा. तिकडच्या बोलीत नवख्याला ‘चेचाको’ म्हणतात. वसंतात बेटांवरून ओंडके काढता येतील का, हे बघायला त्यानं लांबची वाट धरलीय. सोबतची पोरं दुसऱ्या वाटेनं तळावर गेलीत. संध्याकाळी 6 पर्यंत तोही पोचेल, असा हिशोब.

हिशोबात तो पक्का आहे, हे नीट लक्षात घ्या. ताशी चार मैलांची चाल. फाट्यावर साडेबाराला पोचायचं, आणि तो साडेबारालाच पोचतो. दुपारची भाकर म्हणजे बिस्किटं. आपली चहाबरोबरची नव्हेत, पावासारखी जाड. ती मधून कापून, बेकनच्या (खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या) चरबीत भिजवून, आत तळलेल्या बेकनचा तुकडा घातलेली. ती शर्टाच्या आत, उघड्या कातडीला चिकटवून ठेवली आहेत, कारण गोठू न देण्याचा तेवढाच उपाय आहे. असल्या माणसाला बेफिकीर म्हणायला जीभ वळत नाही.

लंडन त्याच्याबद्दल सुरुवातीलाच सांगून टाकतो : याला कल्पनाशक्ती नाही. वस्तू दिसतात, पण त्यांचा अर्थ दिसत नाही. उणे 50 म्हणजे थंडी आणि गैरसोय. तेवढंच. माणसाचं शरीर किती अरुंद पट्ट्यात जगू शकतं, हा विचार त्या आकड्यावरून त्याला सुचत नाही.

[दृश्य : थर्मामीटर. पारा तळाशी.]

आकडे फॅरनहाइटमधले आहेत. त्या मापात पाणी 32 अंशांवर गोठतं. त्याला वाटतं उणे 50 असेल. तो थुंकतो, आणि थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच तडतडते. शास्त्रज्ञ यावर वाद घालतील, खुशाल घालोत. त्याला इतकं कळतं की ही थंडी 50 पेक्षा जास्त आहे. प्रत्यक्षात ती आहे उणे 75. सेल्सिअसमध्ये उणे 59. ही अतिशयोक्ती नाही. याच युकॉनमध्ये, स्नॅग इथं, 3 फेब्रुवारी 1947 रोजी उणे 63 सेल्सिअसची नोंद झालेली आहे.

खूण मिळाली, अर्थ नाही लागला. तो चालत राहतो.

[दृश्य : हस्की कुत्रा. पाठीवर दहिवर, नाकपुड्यांतून वाफ.]

बरोबर कुत्रा आहे. करडा, लांडग्याच्या वळणाचा. त्याला थर्मामीटर माहीत नाही, पण आज चालायचा दिवस नाही हे त्याला कळतं. इथे बरेच वाचक घसरतात. कुत्रा शहाणा, निष्ठावंत, माणूस मूर्ख, अशी सरळ वाटणी करतात. लंडननं ती वाट बंद केलीय. या दोघांत माया नाही. माणसाच्या आवाजात चाबूक आहे, आणि कुत्र्याला हवा आहे जाळ, माणूस नव्हे. थंडी त्याला कळते, पण माणसाला सांगावं असं त्याला वाटत नाही. बर्फाखाली पाणी असल्याची शंका आली की माणूस त्यालाच पुढे ढकलतो. एकदा कुत्र्याचे पाय भिजतात. तो लगेच बसून बोटांमधला बर्फ दातांनी काढतो. कुणी शिकवलेलं नाही. माणूस मदतीला हातमोजा काढतो, आणि मिनिटभराच्या आत बोटं बधिर होतात. दुसरी खूण.

[दृश्य : ओढ्यावरचा साय धरलेला बर्फ. पाऊल पडतं. तडा.]

ओढे तळापर्यंत गोठलेले असतात. पण डोंगराच्या कुशीतून झरे येतात, ते कितीही थंडीत गोठत नाहीत. त्यांचं पाणी घट्ट बर्फाच्या अंगावरून, वरच्या भुसभुशीत बर्फाखालून वाहतं. कुठे तीन इंच, कुठे तीन फूट. काही ठिकाणी पाणी आणि बर्फाची पातळ साय यांचे एकावर एक थर. वरून बघाल तर सगळं सारखंच पांढरं. माणसाला हे ठाऊक आहे. तो डोळ्यांत तेल घालून चालतो, दोनदा वाचतो. तिसऱ्यांदा, जिथे काहीच खूण नाही तिथे, पाय आत जातो. अर्ध्या पोटरीपर्यंत भिजतो.

कोरडा पाय गारठला तर अर्धा मैल धावून रक्त खेळतं करता येतं. ओला पाय धावला तरी गोठतच जातो. आणि धावणं थांबलं की हृदय हातापायांकडे रक्त ढकलेनासं होतं, कारण शरीर आधी धड वाचवतं. बोटं जातात ती अशी. आता जाळ पहिल्याच फटक्यात पेटायला हवा.

[दृश्य : स्प्रूसचं झाड. कॅमेरा बुंध्यापासून सावकाश वर. प्रत्येक फांदीवर बर्फाचा ढीग.]

काठावर स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची छोटी झाडं आहेत. त्यांच्या बुंध्याशी झुडपांत गेल्या पुराचं वाळकं लाकूड अडकलेलं आहे. पाया, साल, गवत, काटक्या. सगळं बिनचूक. जाळ धरतो. माणूस मनाशी हसतो. सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की उणे 50 च्या खाली कुणी एकट्यानं प्रवास करू नये. म्हातारे जरा बायकीच असतात, असं त्याला वाटतं. हे वाक्य अहंकाराचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केलं जातं. आहेच ते अहंकाराचं. पण जाळ त्या वाक्यानं विझत नाही.

विझतो तो सोयीमुळे. इंधन झुडपात आहे. तिथून उपसून थेट जाळावर टाकता येतं, म्हणून जाळ झाडाखाली. कित्येक आठवडे वारा नाही, त्यामुळे प्रत्येक फांदी बर्फानं लादलेली. तो काटकी ओढतो तेव्हा झाडाला हिसका बसतो, डोळ्याला दिसणार नाही एवढा. पुन्हा काटकी, पुन्हा हिसका. वरच्या एका फांदीवरचा बर्फ घसरतो, खालच्या फांदीवर पडतो, ती तिच्याखालच्या फांदीवर. सगळं झाड मोकळं होतं आणि जाळ जिथे होता तिथे बर्फाचा ढिगारा.

‘निसर्गानं सूड घेतला’ असं म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. निसर्गानं काहीच केलेलं नाही. वारा नव्हता, वादळ नव्हतं. झाड त्याच्याच हातानं हललं. लंडनही त्याला दोष म्हणता म्हणता थांबतो आणि चूक म्हणतो. कल्पनाशक्ती नाही याचा अर्थ इथे कळतो. कविता सुचत नाही असा तो अर्थ नव्हे. काटकी ओढताना नजर वर गेली नाही, एवढाच.

[दृश्य : बधिर बोटं. काड्यांचा जुडगा हातातून निसटून बर्फात.]

दुसरा जाळ तो उघड्यावर मांडतो. म्हणजे चूक कळली, सुधारली. पण आता बोटं जुळत नाहीत. एकेक काटकी निवडणं शक्य नाही, म्हणून तो मुठीनं उचलतो. मुठीत कुजक्या काटक्या येतात, आणि हिरवं शेवाळही. हे शेवाळ लक्षात ठेवा.

काड्या गंधकाच्या. एक सुटी करता येत नाही, जुडगा बर्फात पडतो. तो दोन्ही तळहातांच्या मनगटाजवळच्या भागांत दाबून उचलतो, दातांत धरून एक काडी वेगळी करतो आणि मांडीवर घासतो. वीसएक वेळा घासल्यावर ती पेटते. गंधकाचा धूर नाकात जातो, खोकला येतो, काडी पडून विझते. मग अख्खा जुडगा, सत्तर काड्या एकदम. तळवे भाजतात. भाजल्याचा वास आधी येतो, वेदना नंतर. तरी तो साल पेटवतो. पेटते! आणि मघाचं हिरवं शेवाळ जाळावर पडतं. ते बाजूला करायला जातो, तर थरथरणारा हात लांब जातो आणि जाळाचा गाभाच विस्कटतो.

बोटं गेली म्हणून मूठ, मूठ म्हणून शेवाळ, शेवाळ म्हणून हा शेवट. परीक्षेत ‘नायकाचं स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न आला, तर उत्तर या साखळीत आहे. लंडन या माणसाला नाव देत नाही, घरदार देत नाही, त्याच्या चेहऱ्याचं वर्णन बर्फानं माखलेल्या दाढीपलीकडे फारसं करत नाही. स्वभाव सगळा हातांत ठेवलाय. आणि स्वभाव म्हणजे नुसता दोषही नाही : शेवटच्या जाळात जी जिद्द आहे, ती म्हाताऱ्याला हसणाऱ्या माणसाचीच.

[दृश्य : बर्फात रिकामी पाऊलवाट. कुत्रा थांबलेला.]

कुत्र्याला मारून त्याच्या ऊबेत हात घालावेत असं त्याला सुचतं, पण सुरी धरता येत नाही. तो धावतो, पडतो, बसून राहतो. उद्या पोरं आपलं प्रेत शोधतील असं चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि त्या चित्रात तोही पोरांबरोबर वाट चालतोय. कथेत पहिल्यांदाच त्याला समोर नसलेलं काही दिसतं. म्हाताऱ्याचंच बरोबर होतं, अशी तो कबुली देतो. मग मरतो. कुत्रा वास घेतो आणि तळाकडे निघतो, जिथे दुसरी माणसं जाळ करतात.

[दृश्य : दोन मासिकांची पानं शेजारी शेजारी. 1902 आणि 1908.]

ही कथा लंडननं दोनदा लिहिली. 1902 मध्ये ‘यूथ्स कम्पॅनियन’ या किशोरांच्या मासिकात आली तेव्हा माणसाला नाव होतं, टॉम व्हिन्सेंट. कुत्रा नव्हता. टॉमचे हात भाजतात, पण तो जगतो आणि एकट्यानं प्रवास करू नये हा धडा शिकतो. 1908 मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकासाठी लिहिताना लंडननं नाव काढलं, कुत्रा आणला आणि धडा निवेदकाच्या तोंडून काढून म्हाताऱ्याच्या तोंडी घातला. उपदेशाचं काम दुसऱ्याकडे गेल्यावर निवेदकाला एकच काम उरलं : काटकी किती जाड, काड्या किती, आणि शेवाळ कुठून आलं, ते सांगणं.