इतकी घाई कुणासाठी?

नमस्कार मंडळी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, कारण तारखांना जाऊन जाऊन चपला झिजतात. म्हणून एखाद्या केसचा निकाल पंधरा दिवसांत लागला की आपण टाळ्या वाजवतो, मीसुद्धा वाजवल्यात, खोटं कशाला बोलू.

पण मध्य प्रदेशातल्या खंडव्याची केस ऐका. जानेवारी 2013, नऊ वर्षांच्या पोरीवर अत्याचार आणि खून, ऐकूनच रक्त खवळतं. 13 फेब्रुवारीला चार्जशीट. 19 तारखेला आरोपीला लीगल एडचा, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा, वकील दिला आणि त्याच दिवशी चार्ज फ्रेमसुद्धा झाला, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केले, मग वकिलाने कागद वाचले कधी आणि आरोपीशी बोलला कधी? 4 मार्चला फाशीची शिक्षा.

मी तालुक्याच्या कोर्टात लीगल एडचं काम करते, त्यामुळे ते कसं होत असेल हे मला डोळ्यासमोर दिसतं. पुकारा झाला की हातात कागदांचा गठ्ठा येतो, आरोपी बेड्यांत समोर, सोबतचा पोलीस म्हणतो मॅडम आटपा लवकर, गाडी निघायचीय. मी विचारते घरचं कोणी आलंय का, तो नुसती मान हलवतो. मग साक्षीदार उभा राहतो आणि उलटतपासात मी काय विचारणार, आधीचा जबाबच धड वाचलेला नसतो, शेवटी आपलं ठरलेलं वाक्य, 'तुम्ही खोटं सांगताय', तो म्हणतो 'नाही', झाला उलटतपास! पुढे आरोपीचा जबाब, पानंच्या पानं प्रश्न आणि प्रत्येकाखाली टाईप केलेलं 'खरे नाही'. प्रश्न त्याला कळला का, हे कोण बघतं?

खंडव्याची ती फाशी सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2019 मध्ये रद्द केली, बेंचवर आपले उदय लळीत होते. केस पहिल्यापासून चालवा म्हणाले, आणि जन्मठेप-फाशीच्या केसमध्ये लीगल एडचा वकील किमान 10 वर्षं प्रॅक्टिसवाला हवा, कोर्टाने नेमलेल्या वकिलाला तयारीला साधारण 7 दिवस तरी द्या. सात दिवस हो, तेवढंसुद्धा लिहून द्यावं लागलं!

पुढे केस परत चालली, परत फाशीची शिक्षा झाली, ती हायकोर्टानं रद्द करून केस परत खाली पाठवली, कारण डीएनएच्या एक्स्पर्टला साक्षीला बोलावलंच नव्हतं. मार्च 2024 मध्ये खंडव्याच्याच कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. महिन्याभरात निकाली काढलेली केस 11 वर्षं चालली, आणि त्या पोरीच्या आईबापांना ती सगळी परत परत ऐकावी लागली.