लॅपटॉपला कडक कव्हर घालावं का?

नमस्कार श्रोतेहो.

नवा लॅपटॉप विकत घेतला की दुकानदार लगेच एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर पुढे करतो. त्याचे दोन तुकडे असतात. एक झाकणावर बसतो, दुसरा तळाला. कोपऱ्यांना बारीक आकडे असतात, दाबलं की टक् करून अडकतात. यालाच हार्ड केस किंवा हार्ड शेल म्हणतात. अ‍ॅपलच्या मॅकबुक लॅपटॉपसाठी ही कव्हरं फार खपतात, म्हणून आज मुख्यतः मॅकबुक एअरबद्दल बोलतो. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी हे कव्हर घालू नये.

लोक ते घेतात लॅपटॉप पडला तर वाचावा म्हणून. पण पडल्यावर काय होतं ते पाहा. टेबलाची उंची साधारण पाऊण मीटर. तिथून पडलेली वस्तू 1 मिलिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या सुमारे 750 पट बल येतं. तीच 10 मिलिमीटर अंतरात थांबली, तर 75 पट. म्हणजे वाचवतं ते दबणारं अंतर. हेल्मेट आठवा: बाहेरचं कवच कडक असतं, पण धक्का पितो तो आतला जाड थर्माकोल. लॅपटॉपच्या कडक कव्हरात हा आतला थरच नसतो. दीड-एक मिलिमीटरचं प्लॅस्टिक दबत नाही, धक्का जवळजवळ तसाच आत पोचवतं. कोपरा चेपणं थोडं कमी होईल, ओरखडे नक्की वाचतील. स्क्रीन वाचेलच असं नाही.

आता उष्णता. 2020 साली आलेल्या एम1 चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, आणि त्यानंतरच्या एअरमध्येही नाही. चिपची उष्णता आतल्या धातूच्या पट्टीत पसरते आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातूनच हवेत जाते, थोडी कीबोर्डच्या बाजूने, थोडी तळातून. प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतं. त्यात कव्हर आणि धातू यांच्यामध्ये हवेचा पातळ थर अडकतो, तोही उष्णता अडवतो. मेल लिहिताना, लेख वाचताना याने काही बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अर्धा तास व्हिडिओ तयार करायला लावला, किंवा लांबलचक व्हिडिओ कॉल चालू असताना चार्जिंगलाही लावला, की फरक पडतो. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि बॅटरी तापत राहते. लिथियम बॅटरीला सततची उष्णता लवकर म्हातारी करते. अ‍ॅपलने वापरासाठी सांगितलेलं खोलीचं तापमान 10 ते 35 अंश आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तिथे पंख्याखालच्या खोलीतही ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तिकडच्या श्रोत्यांनी उन्हाळ्यात तरी तळाचा तुकडा काढून ठेवावा.

विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंखा तळाच्या जाळीतूनच हवा ओढतो. तिथे नेमक्या जागी छिद्रं नसलेलं कव्हर म्हणजे सरळ नाक दाबणं.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती धुळीची. कव्हर घट्ट बसतं असं वाटतं, पण कडेने बारीक कण आत जातात आणि बाहेर येत नाहीत. बॅगेत लॅपटॉप हलला की ते धातूवर घासतात. अ‍ॅल्युमिनियमवरचा रंगीत संरक्षक थर अतिशय पातळ असतो. मग वर्षभराने कव्हर काढलं की ज्या ओरखड्यांसाठी ते घातलं, तेच ओरखडे त्याच्याखाली दिसतात. पावसाळ्यात कडेने शिरलेलं पाणी दोन पृष्ठभागांच्या मध्ये खेचलं जातं आणि दिवसेंदिवस वाळत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या दमट हवेत तर अधिकच. कव्हर ठेवायचंच असेल, तर दर पंधरवड्याला काढून दोन्ही बाजू कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

बिजागरीचंही तसंच. झाकणाच्या वजनाप्रमाणे तिचं घर्षण कारखान्यात जुळवलेलं असतं. वरचा तुकडा त्या झाकणावर कायमचं ओझं टाकतो. पलंगावर तिरपा ठेवल्यावर झाकण आपोआप मागे पडू लागलं, तर ते ओझं जास्त झालं असं समजा. चुकीच्या मॉडेलचं कव्हर त्याहून वाईट: झाकण पूर्ण उघडताना वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर टेकते, आणि पुढचा सगळा जोर बिजागरीवर आणि काचेवर येतो. एम1 एअर पुढे निमुळता होत जातो, एम2 एअर सगळीकडे सारखा सपाट आहे. एकाचं कव्हर दुसऱ्याला चालत नाही. तळाला बारीक अक्षरांत मॉडेल नंबर असतो: 2020 च्या एम1 एअरला ए2337, 2022 च्या एम2 एअरला ए2681. खरेदीआधी तो वाचा.

कव्हराबरोबर बऱ्याचदा संच म्हणून कीबोर्डवरचं सिलिकॉनचं आवरण आणि कॅमेऱ्यावरची सरकती झडप मिळते. या दोन गोष्टी अजिबात लावू नका. बंद लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात फट जेमतेम असते. अ‍ॅपलने 2020 मध्येच कॅमेऱ्यावर झडप ठेवून झाकण बंद करू नका असं कळवलं होतं. काही लावणं भागच असेल, तर ते साध्या छपाईच्या कागदाइतकं, म्हणजे 0.1 मिलिमीटरपर्यंतच जाड असावं. यापेक्षा जाड काही मध्ये आलं आणि बॅगेत वरून दाब पडला, की काच तडकू शकते.

मग संरक्षण कुठे हवं? बॅगेत. कडांना जाड फोम असलेली स्लीव्ह, म्हणजे लॅपटॉपची मऊ पिशवी घ्या, आणि लॅपटॉप स्लीप मोडमध्ये टाकल्याशिवाय तिच्यात घालू नका. बॅगेचा लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर शिवलेला आहे का ते हात घालून पाहा. नसेल तर बॅग जमिनीवर टेकवताना प्रत्येक वेळी लॅपटॉपच आपटतो. चार्जर आणि डबा वेगळ्या कप्प्यात. लोकलच्या गर्दीत बॅग पुढे घेता, तेव्हा लॅपटॉपचं झाकण बॅगेच्या सपाट बाजूकडे असू द्या, डब्याच्या बाजूला नको.

शाळकरी मुलांचा लॅपटॉप, किंवा प्रयोगशाळेत दहा हातांतून फिरणारा, अशांना कव्हर उपयोगी पडतं, पण कोपऱ्यांना रबर असलेलं.

ज्यांनी आधीच घातलंय त्यांच्यासाठी काढायची पद्धत. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि थंड होऊ द्या. आधी तळाचा तुकडा: एका कोपऱ्याचा आकडा जुन्या एटीएम कार्डाने हळूच बाहेर ढकला, मग शेजारचा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. झाकणाचा तुकडा काढताना लॅपटॉप काटकोनात उघडा, झाकण मागून तळव्याने धरा, आणि काचेवर अंगठा दाबू न देता एकेक आकडा सोडवा. निघत नसेल तर ओढू नका, कव्हरचाच कोपरा कात्रीने कापा.

कव्हर निघाल्यावर लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल, तळ फुगीर वाटत असेल किंवा टचपॅड दाबताना टणक लागत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते, आणि कव्हराखाली ते आजवर दिसलं नसेल. चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा, स्वतः उघडू नका, आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. नमस्कार.