रेअर आहे म्हणता, पण मोजलंय कोणी?

नमस्कार मंडळी. इथे निम्मे लोक कॉमिक्स गोळा करणारे आहेत आणि निम्मे त्यांच्यासोबत ओढून आणलेले, हे चेहऱ्यांवरून कळतंय, तर ओढून आणलेल्यांसाठी आधी पटकन सांगतो. अमेरिकन कॉमिकचा अंक एकच, आतली गोष्ट तीच, पानं तीच, पण कव्हरवरचं चित्र वेगळं किंवा छापील किंमत वेगळी, की झाला व्हेरियंट. आता गोष्ट तीच आहे तर दहापट पैसे कशाला द्यायचे, हे मला घरी पण विचारतात, आणि घरच्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नाहीये. पुढे जाऊ.

मला बोलायचंय ते भांडणांबद्दल. फेसबुक ग्रुप घ्या, व्हॉट्सॲप घ्या, कुठेही बघा, आपली भांडणं फिरून फिरून एकाच जागी येतात, की ही प्रत किती दुर्मिळ. आणि गंमत म्हणजे ते भांडणाऱ्या दोघांनाही माहीत नसतं. कारण कुठल्या कव्हरच्या किती प्रती छापल्या हे प्रकाशक सहसा सांगतच नाहीत. मग जो जास्त जोरात बोलतो त्याचा आकडा खरा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण देतो. १९७६ साली मार्व्हलचा अंक २५ सेंटला मिळायचा. किंमत ३० करायची होती, पण खप पडेल ही भीती, म्हणून काही मोजक्या भागांत त्याच अंकावर ३० सेंट छापून बघितलं. १९७७ मध्ये परत तेच, ३० चे ३५. बाकी अंकात काडीचा फरक नाही. आणि हे कित्येक वर्षं कोणाच्या फारसं लक्षातच आलं नाही हो! लोकांच्या खोक्यांत पडून होत्या प्रती. मग नव्वदच्या दशकात गोळा करणाऱ्यांनी आपापल्या प्रती ताडून बघितल्या, तुझ्यावर ३० आहे माझ्यावर ३५ कसं, असं करत करत याद्या तयार झाल्या. आज ‘स्टार वॉर्स’ क्रमांक १ ची ३५ सेंटवाली प्रत म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात महागड्या अंकांपैकी एक. प्रकाशकाने यातलं काही जाहीर केलं नव्हतं, हे अनोळखी लोकांनी एकमेकांना कव्हरं दाखवून शोधलंय, हे जरा लक्षात ठेवा.

आता यात एक खोच आहे. ‘स्टार वॉर्स’ १ ची रीप्रिंट पण निघाली आणि तिच्यावरही ३५ सेंटच आहेत. अस्सल प्रतीवर किंमत चौकोनात असते आणि खालच्या डब्यात बारकोडच्या रेघा असतात, आणि ३५ जर बर्फीच्या आकारात छापलेलं दिसलं तर ती रीप्रिंट. म्हणजे एखादा नवा मुलगा खूश होऊन फोटो टाकतो, “३५ सेंटवाली मिळाली!”, आणि बर्फी दिसत असते. मग काय होतं तुम्हाला माहितीये. पहिली कमेंट हसण्याची इमोजी, दुसरी “गूगल नाही का येत”, तिसऱ्याला तर त्याने किती पैसे घालवले यातच रस. पोरगा पोस्ट डिलीट करतो आणि गप्प होतो, आणि उद्या त्याला रद्दीत खरंच काही सापडलं तर तो ते आपल्याला कशाला दाखवेल? चौकोन बघ, रेघा बघ, एवढं दोन ओळीत सांगता येतं.

आणि हसणारे तरी दर वेळी बरोबर असतात का, तेही सांगतो. मार्व्हलचेच तीन-तीन अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्हिटमन या वेगळ्या ब्रँडच्या नावाने विकायचे, त्यांच्यावर पण तो बर्फीचा आकार असायचा. वर्षानुवर्षं जाणकार मंडळी ठामपणे सांगत होती की ह्या सगळ्या रीप्रिंट, फालतू. निघालं काय, तर ‘स्टार वॉर्स’सारखे काही अंक खरंच रीप्रिंट, पण बाकीच्या बहुतेक पहिल्याच छपाईच्या. ब्रिटनसाठी पेन्समध्ये किंमत छापलेल्या प्रतींचं तेच, अमेरिकेत त्याच वेळी छापलेल्या, फक्त किमतीची प्लेट बदललेली, तरी लोक त्यांना दुय्यम समजत आले.

हे झाले आपोआप घडलेले व्हेरियंट. मुद्दाम बनवलेल्यांचा मामला वेगळा. १९८६ साली सुपरमॅनच्या ‘मॅन ऑफ स्टील’चा क्रमांक १ दोन कव्हरांत आला, साधारण तिथून ही गाडी सुरू झाली. १९९१ चा ‘एक्स-मेन’ १ तर पाच कव्हरांत आणि ऐंशी लाखांच्या वर प्रती! लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले, मुलांच्या शिक्षणाला होतील म्हणून. अहो, सगळ्यांनीच ठेवलं तर दुर्मिळ कसं होणार, आजही तो अंक चार-दोन डॉलरला मिळतो. पुढे बाजार बसला आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं इतरही होती, पण हा फुगा त्यातलं एक मोठं कारण.

हल्लीचा प्रकार म्हणजे रेशो व्हेरियंट. एकास पंचवीस. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे म्हणून नीट ऐका, याचा अर्थ पंचवीस छापल्या तर त्यात एक अशी असा नाही. दुकानदाराने साध्या कव्हरच्या पंचवीस प्रती मागवल्या तर त्याला ते कव्हर एक मागवता येतं, एवढाच. त्या पंचवीस खपल्या नाहीत तर त्याच्या गळ्यात, म्हणून तो त्या एकीची किंमत चढी लावतो. म्हणजे ती प्रत महाग आहे ती त्याच्या हिशोबामुळे, छापल्या किती हे त्यातून कळत नाही. ग्रुपवर मात्र “एक लाख खप आहे म्हणजे ह्याच्या चार हजारच असणार” असं गणित कोणीतरी मांडतंच. सगळ्या दुकानांनी पंचवीसच्या पटीत मागवलं असेल हे कोणी सांगितलं तुला?

न्यूजस्टँड प्रतींवरून, म्हणजे पेपर स्टॉलवर विकल्या गेलेल्या प्रतींवरून, तर मी घराघरांत फूट पडलेली पाहिलीये. ऐंशीच्या दशकात खास कॉमिक्सच्या दुकानांत जाणाऱ्या मार्व्हलच्या अंकावर बारकोडच्या जागी बऱ्याचदा स्पायडरमॅनचं छोटं चित्र असायचं, आणि पेपर स्टॉलवर जाणाऱ्यावर बारकोड, कारण तो न खपल्यास परत जायचा. नंतरच्या वर्षांत स्टॉलवरचा खप आटत गेला म्हणून उशिराच्या न्यूजस्टँड प्रती कमी, हे पटतं. पण लोक त्याच्यावर पाच टक्के, एक टक्का असे आकडे चिकटवतात आणि मग त्या टक्क्यांवर किंमत मागतात, आणि पुरावा मागितला की म्हणतात तुम्हाला हॉबी कळत नाही.

वाचता येण्यासारखं जे आहे ते मात्र कोणी वाचत नाही. नव्या अंकावरच्या मोठ्या बारकोडशेजारी पाच आकड्यांचा छोटा कोड असतो. पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा कव्हर, पाचवा छपाई. ००१११ म्हणजे पहिला अंक, मुख्य कव्हर, पहिली छपाई. ००१२१ असेल तर कव्हर दुसरं, ००११२ असेल तर छपाई दुसरी. विकणाऱ्याकडून ह्या कोडचा फोटो मागा, निम्मे वाद तिथेच संपतात. आणि मागताना सरळ मागा, “दादा कोडचा फोटो टाकता का”, “फसवताय काय” असं नको. आपल्या ग्रुपवर एक मजा आहे, गप्पा चालू असतात तोवर सगळे भावा भावा आणि किंमत निघाली की एकदम सर.

विकणाऱ्यांनाही सांगतो. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ २३८, १९८३ चा, हॉबगॉब्लिन हा खलनायक पहिल्यांदा येतो तो, त्यात आत चिकटवायच्या टॅटूंचं पान होतं, आणि पोरांनी ते अर्थातच फाडून हातावर लावलं. ते पान नसेल तर अंक अपुरा धरतात आणि भाव पडतो. तर “छान कंडिशन” लिहून गप्प बसू नका, टॅटू आहेत की नाहीत ते लिहा. घेणारा नवखा असला तर जास्तच लिहा.

कधी कधी पारडं फिरतं पण. २००४ मध्ये गॉथम कॉमिक्सने इथे ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढलं, पवित्र प्रभाकर धोतर नेसून मुंबईत उड्या मारतो ते, आणि आता तिकडचे लोक आपल्याला भाबडे प्रश्न विचारतात की इथली प्रत आणि अमेरिकेतली प्रत वेगळी ओळखायची कशी. तेव्हा आपण कसं छान समजावून सांगतो!

शेवटचं, ग्रुप ऑर्डरचं. अमेरिकेतून एकेक अंक मागवणं परवडत नाही म्हणून पाच-सहा जण मिळून पार्सल मागवतात आणि तिथेच जुन्या मैत्र्या तुटतात. पार्सल निघायच्या आधी लिहून ठेवा, कस्टमचे पैसे समान वाटायचे की किमतीप्रमाणे, कोपरा दुमडून आला तर तो कोणाचा, आणि रेशो व्हेरियंट एकच मिळाला तर चिठ्ठी टाकायची का. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि ज्याच्या पत्त्यावर येतं त्याने आपली प्रत सगळ्यात शेवटी उचलायची. हा नियम आमच्याकडे आहे आणि त्याच्यावरून अजून भांडण झालेलं नाही, बाकी सगळ्यावरून झालंय.

चला, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि प्रती आणल्या असतील तर दाखवा.