नववीच्या वर्गाचा मित्र

[दृश्य: बिहार, नालंदा जिल्हा. भातखाचरांमधला रस्ता, सायकलींची रांग.]

नालंदा म्हटलं की डोळ्यांपुढे येतात जुन्या विद्यापीठाचे विटांचे अवशेष. आपण तिकडे जाणार नाही. आपण चाललोय या सायकलींच्या मागे. नववीत गेलेल्या मुलीला सायकल घेता यावी म्हणून बिहार सरकारनं 2006 मध्ये योजना आणली, आणि लांबची शाळा आवाक्यात आली. पण ही तेरा-चौदा वर्षांची पोरं फाटकातून आत येताना मनात काय घेऊन येतात? घरातली भांडणं. ठरत आलेलं लग्न. वर्गातली दादागिरी. मास्तरांचा मार. पाळीबद्दलचे प्रश्न, जे आईलाही विचारता येत नाहीत.

[दृश्य: शाळेचं आवार, प्रार्थनेची वेळ.]

गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि लवकर येईल असंही नाही. मग जे आहे त्यातून काय उभं करता येईल? गोव्यात 1996 साली सुरू झालेली ‘संगाथ’ ही संस्था याच प्रश्नावर काम करत आली आहे. 2015-16 च्या शैक्षणिक वर्षापासून तिनं नालंदातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. शाळांचे तीन गट पाडले. जीवनकौशल्यांचे तास तिन्ही गटांत होते. एका गटात तेवढेच. दुसऱ्या गटात प्रत्येक शाळेला बाहेरून एक माणूस दिला. डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हे, या कामासाठी शिकवून तयार केलेला साधा समुपदेशक. त्याचं नाव ‘सेहर मित्र’. तिसऱ्या गटात हेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला, तसंच प्रशिक्षण देऊन, सोपवलं.

[दृश्य: भिंतीवरची पत्रपेटी, शेजारी भित्तिपत्रक.]

हा मित्र करायचा काय? भिंतीवर पेटी लावायचा. नाव घालून किंवा न घालता, मनातलं लिहून त्यात टाकायचं. पेटी आपल्याकडच्या शाळांतही असते, पण तिची किल्ली कुणाकडे आणि ती शेवटची कधी उघडली, हे एकदा विचारून बघा. इथं चिठ्ठ्या वाचल्या जात आणि त्यांच्यावर उत्तरही मिळे. मुलामुलींचा एक गट बसून शाळेतल्या अडचणींवर बोले. भित्तिपत्रकाला विषय असत: छळ, अभ्यास, नशा, मुलगा-मुलगी भेद. आणि ज्याला एकट्यानं बोलायचं असेल, त्याच्याशी एकट्यानं बोलणं. त्यातही सल्ल्यांचा भडिमार नाही. अडचण नेमकी काय आहे ते आधी ठरवायचं, दोन-तीन वाटा शोधायच्या, एक निवडून करून बघायची आणि पुन्हा येऊन सांगायचं.

[दृश्य: वर्ग. फळ्यासमोर शिक्षक.]

आठ महिन्यांनी मोजदाद झाली. ‘मित्र’ असलेल्या शाळांमधलं वातावरण सुधारलं होतं, शिक्षकांशी आणि एकमेकांशी असलेलं नातंही. मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, दादागिरी आणि हिंसाही. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला. आणि शिक्षकांनी चालवलेला गट? फक्त जीवनकौशल्यांचे तास असलेल्या शाळांपेक्षा तो वेगळा दिसलाच नाही. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

मास्तरांना नावं ठेवायची घाई नको. त्यांच्याकडे अभ्यासक्रम आहे, निवडणुकीचं काम आहे, जनगणना आहे. आणि जो गुण देतो, ज्याच्या हातात कधी छडीही असते, त्याच्याजवळ पोरगं घरचं दुखणं कशाला उघडं करेल? आपल्याकडे असं कुठलंही काम निघालं की ‘एक शिक्षक नेमा, अतिरिक्त जबाबदारी द्या’ असा कागद निघतो. नालंदानं दाखवलं की कागद निघतो, काम होत नाही. या कामाला वेगळा माणूस लागतो आणि त्याला पगारही द्यावा लागतो.

[दृश्य: गावातलं घर, संध्याकाळ. पडद्यावर अक्षरं: टेलि-मानस, 14416.]

10 ऑक्टोबर 2022 पासून देशभर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन चालू आहे. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर जरूर लिहून ठेवा. पण नववीतल्या मुलीनं तो लावायचा, तर अनेक घरांत आधी वडिलांकडे मोबाइल मागावा लागतो. आणि ते विचारणार, कुणाला फोन करतेस?